निर्मळच्या डब्यात काय होतं

तळघरात साठेक माणसं दाटीवाटीने बसली होती आणि सगळ्यांच्या नजरा एका स्टुलावर खिळल्या होत्या. स्टूल अगदी साधं, निळ्या तेलरंगाचं, कोणाच्या तरी स्वयंपाकघरातलं. महाराजांनी ब्रशाने त्यावर डब्यातलं 'निर्मळ' नावाचं औषध लावलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "आता बघा, घरातली पीडा कशी वर येते." तीन-चार मिनिटं काहीच झालं नाही. मग निळा रंग सुरकुतला, फुगला, आणि कोणी हात न लावता त्याचे पापुद्रे उठले. खालून हिरवा रंग डोकावायला लागला. बायकांनी तोंडावर हात नेले. मागच्या रांगेतले एक आजोबा रडायला लागले, कारण स्टूल त्यांचंच होतं.

"हिरवा थर तुमच्या वडिलांच्या वेळचा," महाराज त्यांना म्हणाले. "त्याखाली आजोबांचा निघेल. तीन पिढ्यांनी साठवायची आणि मी एका दिवसात काढायची, असा तुमचा हिशेब." लोक हसले. आजोबाही रडता रडता हसले.

प्रत्येकाने आपापल्या घरातली रंगवलेली लाकडी वस्तू आणायची, हा तिथला नेम. कोणी खुर्ची आणली होती, कोणी आरशाची चौकट, एका बाईने तर पाळणा. महाराज एकेक वस्तू हातात घेत, तिच्याकडे बघून घरातली भांडणं ओळखत, आणि निर्मळ फासून ती बाजूला ठेवत. दार बंद, झरोक्यांवर चिकटपट्ट्या. पीडा मोकळी सुटली तर शेजाऱ्याच्या घरात शिरेल, मग त्याचं पाप कोणाच्या माथी, असं महाराजांनी समजावलं होतं आणि सगळ्यांना ते पटलंही होतं. घराचं कुलूप तपासायला तीन वेळा परत जाणारी माणसं ही. पण इथे कोणी एकही प्रश्न विचारला नाही.

अर्ध्या तासाने खरा चमत्कार सुरू झाला. डोकी हलकी व्हायला लागली. एकाची पाठदुखी थांबली, दुसरीला आपण तरंगतोय असं वाटायला लागलं, तिसरी कारण नसताना खुदुखुदु हसत सुटली. एकजण ओकला. त्यासाठी बादली तयारच होती. त्याची पीडा तोंडावाटे निघाली, मोठा नशीबवान, असं महाराज म्हणाले. एक बाई बसल्या जागी आडवी झाली. तिला उचलून वर जिन्यावर नेलं, मोकळ्या हवेत ती शुद्धीवर आली, आणि आपल्याला प्रकाश दिसला असं सांगत परत खाली येऊन बसली.

मी ताईच्या शेजारी बसले होते. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा माझ्या वेण्या घालून मला शाळेत पाठवणारी. तिने फारच आग्रह केला म्हणून मी आले होते, आणि तळघरात पाऊल टाकताच पहिल्या श्वासाला मी ओळखलं होतं. तो गोडसर, घशाशी गार लागणारा वास माझ्या साडीला, केसांना, अंथरुणाला बावीस वर्षं येतोय. जुनं फर्निचर सोलून, घासून, पॉलिश करून देणं हा माझा धंदा. रंग सोलायच्या ज्या औषधाला आम्ही रिमूव्हर म्हणतो, तेच हे निर्मळ. मी मनातल्या मनात त्या माणसाचं नाव सालपट महाराज ठेवलं आणि हसू दाबत बसून राहिले.

त्या दिवशी मला नुसतं हसू आलं, राग आला नाही. ह्याचा राग मला आज येतो.

घरी जाताना मी ताईला सगळं सांगितलं. हे औषध कुठल्याही रंगाच्या दुकानात मिळतं, मी रोज वापरते, त्यात पीडा नाही नि काही नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या औषधाने माझे गुडघे कधी थांबले होते का दुखायचे?" तिचे गुडघे खरंच थांबले होते. थापा मारतोय, मारू दे, जीव तर घेत नाही ना, असं म्हणून मी विषय सोडून दिला.

पण ताई तिथे गुडघ्यांसाठी जात नव्हती. ती भाओजींसाठी जात होती.

भाओजी चार वर्षांपूर्वी गेले, आणि ते माझ्याच दुकानात गेले. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून ते माझ्याकडे कामाला यायचे. त्यांचा हात इतका हलका की जुन्या लाकडावर ओरखडा म्हणून उठायचा नाही. त्या सकाळी ताई त्यांना रक्तदाबाची गोळी द्यायला विसरली होती. दुपारी ते गेले. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. तेव्हापासून ताई त्या एका गोळीचं ओझं उरावर घेऊन जगत होती. सालपट महाराजाला हे पहिल्याच भेटीत कळलं, कारण तिनेच सांगितलं. त्याने तिचा हात उलटा करून पाहिला आणि म्हणाला की नवऱ्याला नेणारी पीडा ह्याच हातात आहे, ती सोलून काढावी लागेल, वेळ लागेल. माझ्या बहिणीने त्याच हाताने आम्हा दोघींचं पोट भरलं होतं.

तिसऱ्या बैठकीनंतर ताई घरी आली ती भिंत धरत. डोकं फुटायची वेळ आली होती, ओकाऱ्या थांबत नव्हत्या, छाती आवळल्यासारखी झाली होती. मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सने बोटाला चिमटा लावला. यंत्राने अठ्ठ्याण्णव दाखवलं. प्राणवायू उत्तम आहे, अपचन असेल, असं नर्स म्हणाली. डॉक्टरबाई मात्र ताईच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी हृदयाचा आलेख काढला आणि रक्त तपासायला पाठवलं. अहवाल आल्यावर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "घरात कोळशाची शेगडी पेटवता का? बंद खोलीत गाडी चालू राहिली होती? ह्यांच्या रक्तात कार्बन मोनॉक्साईड आहे. आगीत सापडलेल्या माणसाच्या रक्तात असतो तेवढा."

शेगडी नव्हती आणि गाडीही नव्हती. मी हसत हसतच त्यांना तळघराची गोष्ट सांगितली, निर्मळची, आणि मला माहीत असलेल्या त्या वासाची. त्या हसल्या नाहीत. औषधाचं नाव काय, असं त्यांनी विचारलं. डब्यावर मिथिलीन क्लोराईड लिहिलेलं असतं, असं मी सांगितलं.

मग त्यांनी एकेक गोष्ट मला समजावली, शाळेतल्या मुलाला समजवावी तशी, आणि मला प्रत्येक वाक्य लागत गेलं. ह्या औषधाची वाफ श्वासातून रक्तात जाते. आधी ती मेंदूला बधिर करते, अगदी भूल दिल्यासारखी. म्हणून दुखणं थांबतं, तरंगल्यासारखं वाटतं, हसू येतं. वाफ वाढली की श्वास घ्यायचंच शरीर विसरतं. जी वाफ रक्तात गेली तिच्यापासून शरीर स्वतःच कार्बन मोनॉक्साईड बनवतं, आणि माणूस घरी येऊन झोपला तरी पुढे कित्येक तास बनवत राहतं. तो रक्तातली प्राणवायूची जागा अडवून बसतो आणि ज्याचं हृदय आधीच थकलेलं आहे त्याचा जीव घेतो. बोटाच्या चिमट्याला ह्या दोन वायूंमधला फरक कळत नाही, म्हणून आकडा छान दिसतो. वास येण्याआधीच धोका सुरू झालेला असतो, आणि थोड्या वेळाने नाक मेलं की वास येईनासा होतो, म्हणजे वाफ गेली असंही नाही.

"आम्ही तोंडाला ओला रुमाल बांधतो," मी म्हणाले. "आणि संध्याकाळी पेलाभर दूध पितो. छातीतला वास उतरतो त्याने."

"दूध पोटात जातं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि रुमालातून ही वाफ सरळ आत येते. खिडक्या तरी उघड्या असतात ना?"

नसतात. आमच्या धंद्यात खिडकी उघडी ठेवून रिमूव्हर लावणारा म्हणजे कच्चा माणूस. वारा लागला की औषध उडतं, रंग फुगायच्या आत वाळतं, दुप्पट लागतं. माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीची खिडकी मीच खिळे मारून बंद केली होती. म्हणजे तिकडे सालपट महाराज पीडा बाहेर जाऊ नये म्हणून चिकटपट्ट्या लावत होता आणि इकडे मी औषध उडू नये म्हणून खिळे ठोकत होते. त्याचं निर्मळ, माझं दूध. त्याला हसणारी मी कोण होते?

मी डॉक्टरबाईंना विचारलं, की एखाद्याने मोठ्या कपाटाला आतून हे औषध लावलं आणि अर्धं अंग आत घालून रंग खरवडत बसला, तर काय होईल.

"ही वाफ हवेपेक्षा जड असते. कपाटात, टाकीत, तळघरात तळाशी साचते. किती वेळ बसला होता?"

"तासभर."

"जगला का?"

मी ताईच्या खाटेजवळ जाऊन बसले.

भाओजी गेले त्या दिवशी मी एक खुर्ची पोहोचवायला बाहेर गेले होते. परतले तेव्हा कपाटाबाहेर भाओजींचे फक्त पाय होते. मी त्यांना ओढून बाहेर काढलं, पुढचं दार उघडलं, तोंडावर पाणी मारलं, पण अंग गार पडत चाललं होतं. मग डॉक्टरांना बोलावण्याआधी मी रिमूव्हरच्या उघड्या डब्याला झाकण लावलं आणि डबा पायाने मागच्या खोलीत सरकवला. दुकान बंद पडेल, लोक बोलतील, ही भीती. दुसरं काही नाही. आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, आधी काही तक्रार होती का? मी म्हणाले, हो, सकाळपासून छातीत दुखतंय म्हणत होते. असं काहीही ते म्हणाले नव्हते. सकाळपासून ते शीळ घालत होते.

शुक्रवारी ताईला घरी सोडलं. पुन्हा त्या तळघरात पाऊल टाकाल तर मी जबाबदार नाही, असं डॉक्टरबाईंनी तिला बजावलं होतं. तिने मान डोलावली. मी दोन दिवस तिच्याजवळ होते, आणि दोन्ही दिवस खरं सांगायचं म्हणून तोंड उघडलं आणि दुसरंच काहीतरी बोलले. रविवारी सकाळी मी दोनेक तासांसाठी दुकानात गेले. परत आले तर दाराला कुलूप. खिडकीतून पाहिलं, तर भाओजींची हिरवी आरामखुर्ची जागेवर नव्हती. त्या रविवारी महाराजांची 'पूर्ण बैठक' होती, सलग तीन तासांची.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी डॉक्टरबाईंना फोन केला आणि पळत सुटले.

तळघराच्या दारावर दोन सेवेकरी उभे होते. बैठक सुरू होऊन तास झालाय, आता दार उघडलं तर सगळ्यांची पीडा परतेल, असं ते मला ऐकवायला लागले. त्यांच्याशी हुज्जत घालण्यात वेळ गेला असता. मी इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीत गेले. तिथे जमिनीलगत तळघराचे झरोके होते, सगळे आतून चिकटवलेले. एक सोडून. शेवटचा झरोका सताड उघडा होता आणि त्यात आतल्या बाजूने एक पडदा हलत होता. मी पडदा ओढला. समोर हातभर अंतरावर सालपट महाराजाची पाठ होती.

तो उंच चौथऱ्यावर, उघड्या झरोक्याला पाठ लावून बसला होता. जड वाफ खाली जमिनीवर बसलेल्यांसाठी, आणि ताजी हवा तेवढी ह्याच्यासाठी. म्हणजे त्याला माहीत होतं. भोळा असता, स्वतःच्या निर्मळवर खरंच श्रद्धा ठेवून बसलेला असता, तर मला त्याची कीव आली असती. त्याला सगळं माहीत होतं. त्याच्या समोर साठ माणसं होती. त्यातली निम्मी आडवी पडलेली, आणि त्यांत भाओजींच्या खुर्चीच्या पायाशी माझी बहीण.

मी गल्लीतली वीट उचलली आणि एकेक झरोका फोडत गेले. काचा आत पडल्या तशी किंकाळी उठली, दारावरच्या सेवेकऱ्यांचं धैर्य गळालं आणि त्यांनी दार उघडलं. मी खाली धावणार तेवढ्यात डॉक्टरबाई पोहोचल्या. त्यांनी माझा दंड धरला. दोन्हीकडून वारा खेळू दे, आधी जे चालू शकतात त्यांना वर येऊ दे, नाहीतर सोडवायला गेलेलाच पहिला आडवा होतो, असं त्या म्हणाल्या. ती पाच मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब. मग आम्ही श्वास रोखून खाली गेलो, एकेकाला उचललं आणि रस्त्याकडेला झोपवलं. अकरा जणांना रुग्णवाहिकेतून न्यावं लागलं. ताईला डॉक्टरबाईंनी तिथेच प्राणवायू लावला. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले.

सालपट महाराज रस्त्यावर आला तो तोऱ्यात. चेहरा दुःखी, आवाज मऊ. बैठक अर्धवट राहिली, आता जे होईल त्याला ही बाई जबाबदार, असं तो लोकांना सांगायला लागला. आणि जी माणसं मघाशी गुदमरून मरायला टेकली होती, ती माझ्याकडे रागाने बघायला लागली.

मी त्याचा डबा आणि ब्रश वर आणला होता. इमारतीच्या तपकिरी रंगाच्या दाराला मी भरपूर निर्मळ फासलं आणि सगळ्यांना बघत राहायला सांगितलं. मी डोळे मिटले नाहीत, कोणाची भांडणं ओळखली नाहीत. चार मिनिटांत रंग सुरकुतून फुगला. "ही कोणाची पीडा?" मी विचारलं. "मालकाची, भाडेकरूची, की पोस्टमनची?" मग मी नखाने डब्यावरचा 'निर्मळ' लिहिलेला कागद खरवडून काढला. खाली कारखान्याचं लेबल होतं. औषधाचं नाव, कवटीचं चित्र, आणि ठळक अक्षरांत, बंद जागेत वापरू नये. स्टुलावाल्या आजोबांनी डबा हातात घेऊन ते मोठ्याने वाचलं. वाचता वाचता त्यांचा आवाज बदलला.

महाराज डगमगला नाही. तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही बाई हेच औषध बावीस वर्षं वापरतेय, तेही खिडक्या बंद करून. आख्ख्या बाजाराला माहीत आहे. विष असतं तर हिच्या दुकानात एखादा मेला असता. विचारा तिला. मेलाय का कोणी?"

लोक माझ्याकडे वळले. बिनतोड होतं त्याचं म्हणणं. मी नाही म्हणाले असते, तर पुढच्या रविवारी तळघर पुन्हा भरलं असतं. ताईने तोंडावरचा मास्क बाजूला केला होता आणि तीही माझ्याकडे बघत होती.

"मेलाय," मी म्हणाले. "माझ्या बहिणीचा नवरा. कपाटात डोकं घालून हेच औषध खरवडत होते, खिडकी मी खिळे मारून बंद केली होती. डॉक्टर यायच्या आधी डबा मी लपवला. छातीत दुखत होतं हे मी खोटं सांगितलं. ताई, तुझ्या गोळीने काही झालं नाही. तुझ्या हातात काही नाही."

ताईने हळूच मास्क पुन्हा तोंडावर ओढला आणि मान भिंतीकडे वळवली. त्या पहिल्या दिवशी जिन्यावर प्रकाश पाहून आलेली बाई उठली, सेवेकऱ्यांना बाजूला सारून खाली गेली आणि आपली चौकट घेऊन वर आली. मग दुसरी माणसं गेली. दहा मिनिटांत महाराजाभोवती कोणी उरलं नाही. पोलीस आले तेव्हा तो गाशा गुंडाळायच्या बेतात होता. आता तो जामिनावर सुटलाय. दुसऱ्या गावात नव्या नावाने बसतो, असं ऐकते. निर्मळचं नाव बदललं असेल. वाफ तीच.

माझा जबाबही पोलिसांनी घेतला. जे व्हायचं ते होईल, मी नाही म्हणणार नाही.

ताई तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. मग एका सकाळी दुकानात आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "चार वर्षं मी माझ्या हाताचं जेवण जेवताना घाबरत होते. तू रोज समोर बसून जेवत होतीस." मी मान खाली घातली. "माफी मागू नकोस," ती म्हणाली. "हे तू बाजारातल्या प्रत्येक दुकानात जाऊन सांगायचं. माझ्यादेखत."

म्हणून आम्ही दोघी दुकानं फिरतो. मी बोलते, ती शेजारी बसून ऐकते आणि मी काही गाळलं की सांगते. बहुतेक जण हसतात. म्हणतात, बाई, आम्ही दूध पितो. म्हणतात, आमच्या बापाने तीस वर्षं हेच केलं, त्याला काही झालं नाही. तुमचा बाप कशाने गेला, असं मी विचारते. हृदयविकाराने, ते म्हणतात.

तुम्हालाही तेच सांगते. जो कोणी तुम्हाला दार बंद करून बसवतो आणि का म्हणून विचारू देत नाही, तो महाराज असो, मुकादम असो की माझ्यासारखी दुकानमालकीण, त्याचं ऐकू नका. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. रंग उघड्यावर काढा, नाहीतर काढूच नका; रंगवलेल्या कपाटाने आजवर कोणाचं काही बिघडवलेलं नाही. डोकं हलकं झालं, हसू आलं, दुखणं थांबलं, की ती कृपा नाही, तुम्हाला भूल चढतेय. उठा आणि बाहेर या. आणि जिथे माणूस मेला तिथे काय होतं ते खरं सांगा, त्याच दिवशी सांगा. मी सांगितलं असतं, तर माझी बहीण त्या तळघराची पायरी उतरली नसती.